पार्किंगमधली चाळीस मिनिटे

ऐरोलीहून आलेल्या एका दीर्घ पत्राला मी येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकाच्या परवानगीने त्यातील मजकूर थोडक्यात सांगते. ओळख पटेल असे तपशील मी बदललेले आहेत. वय ५१. महापे येथील एका कारखान्यात उत्पादन विभागाची जबाबदारी आणि अलीकडेच मिळालेली बढती. घरात ७८ वर्षांची आई आहे, वडील जाऊन सहा वर्षे झाली. पत्नी शाळेत शिक्षिका. एकुलती एक मुलगी गेल्या जूनमध्ये अभियांत्रिकीसाठी पुण्याला गेली. आई अलीकडे ‘तुझे बाबा आले का?’ ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते. डोंबिवलीला बहीण आणि नाशिकला भाऊ आहे, पण ‘आई माझ्याकडेच असते, त्यामुळे बघणारा मीच’. हे गृहस्थ गेले काही महिने संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी लावतात आणि वर न जाता गाडीतच बसून राहतात. एकदा घड्याळ पाहिले तर चाळीस मिनिटे झाली होती. ‘वर गेलो की कुणाला तरी काहीतरी हवे असणार’, असे त्यांनी लिहिले आहे. पुढे तीन प्रश्न आहेत. नोकरी सोडून गुहागरजवळ जागा घ्यावी का? तरुणपणी ठाण्यात हौशी नाटकांची प्रकाशयोजना करत असत, ते पुन्हा सुरू करावे का? आणि ‘हे सगळे मनात येते म्हणजे मी स्वार्थी आहे का?’

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि ‘लागते’ हे क्रियापद दिसेल तेथे मी खूण करत गेले. पाहावे लागते, न्यावे लागते, भरावे लागतात, ऐकून घ्यावे लागते. चार पानांत सत्तावीस खुणा झाल्या. ‘आवडते’ हा शब्द एकदाही आलेला नाही. ‘आवडायचे’ मात्र एकदा आला, आणि तेथे तुमचे अक्षरसुद्धा जरा मोठे झाले आहे: दिव्यांपुढे लावायच्या अंबर (पिवळसर) आणि निळ्या पारदर्शक जिलेटिनमधून तिन्हीसांजेचा उजेड उभा केला आणि पहिल्या रांगेतल्या एका आजींनी नकळत हात जोडले, तो प्रसंग. समुपदेशक म्हणून माझ्या कामात मला अशा ओळींचा पुष्कळ उपयोग होतो. त्या ओळीकडे मी परत येईन, पण आधी काही रूक्ष गोष्टी उरकून घेऊ, कारण त्या राहून गेल्या तर पुढचे सगळे बोलणे वाया जाते.

तुम्ही पहाटे तीनला जाग येते असे लिहिले आहे, जेवणाची चव लागत नाही असेही लिहिले आहे, आणि रविवारचा क्रिकेटचा सामना लावूनही तुमचे लक्ष नसते. ही लक्षणे ‘वयाच्या मध्यावरचे चिंतन’ म्हणून सोडून देऊ नका. उदास मनःस्थिती किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांतील बिघाड, हे सगळे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकले, तर आम्ही नैराश्याच्या आजाराची शक्यता तपासतो. त्यावर उपचार आहेत आणि ते बहुतेकांना लागू पडतात. त्याच बरोबरीने रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्या करून घ्या. थायरॉइड मंदावला किंवा बी-१२ कमी पडले की माणूस असाच गळून जातो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता मला नेहमी आढळते. तुम्ही जोरात घोरता का, हे पत्नीला विचारा, कारण झोपेत श्वास अडकणारा माणूस आठ तास झोपूनही थकलेलाच उठतो. पुरुषांचाही ‘मेनोपॉज’ असतो असे हल्ली बोलले जाते. त्यात फारसे तथ्य नाही. स्त्रियांमध्ये होतो तसा झपाट्याने होणारा बदल पुरुषांत होत नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का या मंद गतीने उतरते. त्यामुळे जाहिरातींतील गोळ्यांच्या मागे लागू नका. बढतीनंतर शनिवारचे ‘बसणे’ वाढले आहे, हेही तुम्ही ओझरते लिहिले आहे. किती वाढले, ते डॉक्टरांना खरे सांगा.

जगणे नकोसे वाटते असा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. तरीही हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून सांगते की तसा विचार डोकावत असेल तर वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते.

ठाण्यात काम करणाऱ्या आम्हा लोकांना एक जुना विनोद अजून ऐकावा लागतो. कुणी जरा वेगळे वागले की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे उभ्या महाराष्ट्रात म्हणतात, कारण येथील मनोरुग्णालय १९०१पासून आहे. याच शहरात १९९० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, आणि मन आजारी नसतानाही मनाबद्दल बोलायला जाता येते ही गोष्ट नौपाड्यातल्या मध्यमवर्गाच्या हळूहळू अंगवळणी पडली. तरीही तुमच्या वयाचे पुरुष माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा ‘मिसेसना जरा प्रॉब्लेम आहे’ अशी प्रस्तावना करत. तुम्ही स्वतःचे नाव घालून लिहिलेत, याची मी मनापासून नोंद घेतली.

आता तुमच्या मुख्य विषयाकडे येते. ‘मिडलाइफ क्रायसिस’, म्हणजे मध्यमवयातला पेच, हा शब्द तुम्ही वापरला आहे. हा शब्दप्रयोग एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ साली केला. कलावंतांच्या आयुष्यांचा अभ्यास करताना त्यांच्या असे लक्षात आले की पस्तिशीच्या आसपास अनेकांच्या निर्मितीला वळण लागते किंवा ती थांबते, आणि त्यामागे ‘आपणही मरणार आहोत’ ही जाणीव असते. पुढे हा शब्द लाल मोटारी आणि घटस्फोट यांच्याशी जोडला गेला आणि पुष्कळ सवंग झाला. अमेरिकेत १९९५पासून चाललेल्या मध्यमवयाच्या मोठ्या अभ्यासातून असे दिसले की बहुसंख्य माणसे या वयात अशा वादळातून जातच नाहीत, आणि जी जातात त्यांच्या बाबतीत वयापेक्षा आजारपण, नोकरी जाणे, एखादा मृत्यू असे ठोस कारण अनेकदा सापडते. मला हे निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळणारे वाटतात. पन्नाशीचा आकडा माणसाला मोडत नाही. पन्नाशीच्या आसपास जी कामे एकाच वेळी अंगावर येतात, ती मोडतात.

ती का येतात, हे आपल्या भागापुरते पाहू. आपल्याकडे वानप्रस्थाची कल्पना होतीच. अंगावर सुरकुत्या आणि केसांत पांढरे दिसू लागले, नातवंडाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने कारभार मुलाच्या हाती द्यावा. या व्यवस्थेत कारभार हाती घेणारा कुणी तरी घरात आहे, हे गृहीत धरलेले आहे. ऐरोलीतल्या दोन खोल्या-हॉल-किचनमध्ये तो कोण आहे? नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० सालची, आणि ऐरोलीसारखी उपनगरे वसवताना जी कुटुंबे आली ती आपली भावकी, चाळ, वाडा मागे ठेवून आली. तुमच्या लहानपणी नौपाड्याच्या चाळीत आजी आजारी पडली तेव्हा शेजारच्या काकू दुपारी येऊन बसत, असे तुम्हीच लिहिले आहे. तुमच्या आईपाशी दुपारी बसायला आज पगारी मावशी आहेत, त्या रविवारी येत नाहीत, आणि त्या दिवशी तुम्ही घर सोडू शकत नाही. कर्जाचा हप्ता साठीपर्यंत आहे, मुलीचे शिक्षण आता कुठे सुरू झाले आहे, आईचे परावलंबन वाढते आहे. आपल्या आज्या अशा माणसाला अडकित्त्यातली सुपारी म्हणत. समाजकार्याच्या अभ्यासकांनी १९८१ साली या पिढीला ‘सँडविच’ म्हटले. मला आज्यांचा शब्द अधिक अचूक वाटतो, कारण सँडविचमधल्या काकडीला कुणी कातरत नाही.

या परिस्थितीत ‘मी कोण आहे हेच कळेनासे झाले आहे’ असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. तुम्ही कोण आहात हे तुम्हाला ठाऊक आहे. गेली वीस वर्षे ते इतर कुणाला पाहायला मिळालेले नाही, एवढेच. घरी तुम्ही आईची औषधे आणणारे, मुलीची फी भरणारे, गिझर दुरुस्त करून घेणारे आहात. कारखान्यात तुम्ही पाळ्यांची जुळवाजुळव करणारे आहात. माणूस स्वतःला बऱ्याच अंशी इतरांच्या नजरेतून ओळखत असतो, आणि सगळ्या नजरा एकच प्रश्न विचारू लागल्या की आत दुसरे काही शिल्लक आहे यावरचा त्याचा विश्वास उडतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी डोळे मिटून ‘खरा मी’ शोधायला सांगत नाही. तो तसा सापडल्याचे मी सव्वीस वर्षांत क्वचितच पाहिले आहे. मी त्यांना एक वही देते. आठवडाभर, झोपेतून उठल्यापासून, प्रत्येक तासापुढे एवढेच लिहायचे की या तासातले काम कुणी मागितले होते.

असाच एक गृहस्थ ही वही घेऊन आला होता. घोडबंदर रस्त्यावर राहणारा, तुमच्याच वयाचा, हिशेबनीस. बाकी तपशील बदललेले आहेत. सात दिवसांच्या रकान्यांत ‘साहेब’, ‘बायको’, ‘बाबा’, ‘सोसायटी’ असे शब्द भरलेले होते. गुरुवारी सकाळी सहाच्या पुढे मात्र ‘कुणी नाही’ असे लिहिलेले होते. मी विचारले, त्या वेळी काय करत होता? तो ओशाळून म्हणाला, ‘काही नाही, मॅडम, गॅलरीतल्या कढीपत्त्याची पिवळी पाने काढत बसलो होतो.’ त्याच्या पत्नीने वही ओढून घेतली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाली, ‘माझी वही भरायला घेतली तर हा एक तासही निघायचा नाही.’ त्या दिवशी आमचे सत्र ठरलेल्या वेळेपेक्षा बरेच लांबले. या गृहस्थाने आधीच्या वर्षी ‘स्वतःसाठी’ म्हणून महागडा कॅमेरा घेतला होता आणि तो तीनदा वापरून कपाटात ठेवला होता. कॅमेऱ्याला दोष नाही. तो मोकळ्या वेळेशिवाय विकत घेतला होता.

मी हे शहाणपण वरून सांगत आहे असे वाटू नये, म्हणून स्वतःचेही सांगते. माझ्या सासूबाई पाच वर्षे अंथरुणाला होत्या. त्या गेल्या तेव्हा मी ४६ वर्षांची होते, आणि त्याच वर्षी मुलगा वसतिगृहात गेला. लोक म्हणाले, ‘आता तू मोकळी झालीस.’ मलाही तसे वाटले. मी पहिल्या मोकळ्या संध्याकाळी तलावपाळीला जाऊन बसले आणि साडेसात वाजता अस्वस्थ होऊन उठले, कारण ती सासूबाईंच्या औषधाची वेळ होती. पुढच्या दोन महिन्यांत मी एका संस्थेतली चांगली नोकरी तडकाफडकी सोडली. तेथे मला कुणी काही त्रास दिला नव्हता. थकवा होता घरचा आणि राजीनामा दिला ऑफिसात. वर्षभर आर्थिक ओढाताण झाली आणि नवऱ्याशी अबोलाही झाला. मानसशास्त्राची पदवी या बाबतीत काही कामाला आली नाही.

पुढे कामाला आला तो महापालिकेचा तरणतलाव. स्त्रियांच्या दुपारच्या बॅचला मैत्रिणीने ओढून नेले. तीन आठवडे मी कठड्याची नळी धरून पाय मारत होते, आणि जेमतेम बावीस वर्षांची प्रशिक्षिका काठावरून ओरडत असे, ‘काकू, गुडघा वाकवू नका, पाय सरळ!’ त्या पाण्यात मी कुणाची समुपदेशक नव्हते, कुणाची सून नव्हते, कुणाला माझ्याकडून काही नको होते, आणि मी त्या कामात अत्यंत वाईट होते. या दोन गोष्टी एकत्र येणे या वयात फार दुर्मीळ असते. जिथे आपली कुणाला गरज नाही आणि जिथे आपण निपुण नाही, अशा जागी माणूस आठवड्यातून दोन तास गेला तर हळूहळू त्याच्या बोलण्यात ‘लागते’ कमी होऊ लागते. मला पोहायला नीट आले ते दुसऱ्या वर्षी. उसळी अजूनही वाकडीच पडते.

तर तुमची प्रकाशयोजना. ती जरूर करा, पण १९९५ सालचा मुलगा गडकरी रंगायतनच्या विंगेत तुमची वाट पाहत उभा आहे, या समजुतीने जाऊ नका. ज्या फळीवर तुम्ही उजेड कमी-जास्त करणारे डिमर ओढत होतात ती फळी राहिलेली नाही. आता एलईडी दिवे आहेत, कोणत्या क्षणी कोणता दिवा याचे संगणकावर बसवलेले क्यू आहेत, आणि जिलेटिनचे कागद कापायला बसलेला मुलगा विरळाच. तुम्हाला हे शिकवणारा कुणी पंचवीस वर्षांचा असेल आणि तो तुम्हाला ‘काका’ म्हणेल. हे तुम्हाला झोंबेल. राज्य नाट्य स्पर्धा १९५४पासून चालू आहे आणि तिच्यासाठी ठाण्यात व नवी मुंबईत हौशी संस्था आजही संध्याकाळच्या तालमी करतात. अशा एखाद्या संस्थेच्या दिग्दर्शकाला जाऊन सांगा की मी केबल गुंडाळीन, दिव्यांची स्टँड उचलीन, आणि तीन महिने बघेन. स्वतःची संस्था काढू नका, नाटकात पैसे घालू नका, आणि पहिल्या महिन्यात ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी वाक्य सुरू करू नका. पोटापाण्याच्या नोकरीत तुम्ही तीस माणसांना कामे सांगता. येथे तुम्हाला काम सांगितले जाईल, आणि त्यातच तुमची विश्रांती आहे.

किती वेळ द्यावा, याचे माझे ठरलेले उत्तर आहे: आठवड्यातून दोन संध्याकाळी, सलग बारा आठवडे, आणि त्या संध्याकाळी कोणत्या, हे घरातल्या कॅलेंडरवर लिहिलेले. ‘जमेल तेव्हा जाईन’ असे म्हणणारा माणूस जात नाही. अडकित्त्यातल्या माणसाला ‘जमेल तेव्हा’ कधीच येत नाही.

येथे तुमचा तिसरा प्रश्न आपोआप येतो. तुम्ही स्वार्थी आहात का? याचे उत्तर तुमच्या मनात काय येते यावर अवलंबून नाही. ते हिशेबावर अवलंबून आहे. तुमच्या दोन संध्याकाळी कुणाच्या खात्यातून येणार? मंगळवारी आणि गुरुवारी तुम्ही तालमीला गेलात आणि त्या वेळेत आईचे जेवण, औषध आणि ‘बाबा आले का रे’ हे सगळे तुमच्या पत्नीकडे गेले, तर होय, तो स्वार्थ आहे, त्याला आत्मशोधाचे नाव देऊन उपयोग नाही. माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांचा ‘स्वतःचा शोध’ बऱ्याचदा बायकोच्या ओव्हरटाइमवर चाललेला असतो, हे मी स्पष्टपणे नोंदवते. तुम्हाला दोन संध्याकाळी हव्या असतील तर तिलाही दोन मिळाल्या पाहिजेत, त्याच कॅलेंडरवर, आणि त्या दोन दिवशी तुम्ही कारखान्यातून वेळेवर निघाले पाहिजे. तिने त्या वेळेत काय करायचे हे तुम्ही सुचवू नका. ती झोपली तरी चालेल.

तुमच्या चार पानांत पत्नीविषयी एकच ओळ आहे: ‘ती तिच्या शाळेत मग्न असते.’ तिचे वय तुम्ही लिहिलेले नाही. मी ४७-४८ धरते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षाच्या आसपास थांबते, आणि त्याआधीची काही वर्षे झोप उडणे, अंगातून वाफा निघणे, उगाच धडधडणे, चिडचिड हे सगळे चालू असते. एकाच छताखाली दोन माणसे पहाटे तीनला जागी असतात आणि दोघेही दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून गप्प पडून राहतात, असे मी कितीतरी घरांत ऐकले आहे. मुलगी घरात होती तोवर तुमचे बोलणे तिच्यामार्फत चालत होते. आता ती पुण्याला आहे, आणि तिला दिवसातून तीनदा फोन करून तुम्ही दोघे तिच्याकडून तेच काम करून घेत आहात. ते थांबवा. दोघांनी बाहेर चालायला जा. घरात बोलू नका, घरात आईची खोली आणि धुण्याचे मशीन आहे. ऐरोलीचा खाडीकिनारा तुमच्यापासून दूर नाही, आणि नोव्हेंबरपासून मेपर्यंत तेथे रोहित पक्षी असतात. समोर पाहायला काही असले की शेजारच्या माणसाशी बोलणे सोपे जाते. पहिल्या दोन फेऱ्या बहुधा भाजी आणि मुलीच्या मेसविषयीच्या होतील. तिसरीपर्यंत टिका.

आईविषयी मला अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण तुमच्या थकव्याचा मोठा वाटा तेथे आहे असे मला वाटते. एकच प्रश्न वारंवार विचारणे हे ‘वय झाले’ म्हणून स्वीकारू नका. त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टरांकडे न्या. स्मरण कमी होण्यामागे कधी थायरॉइड, बी-१२, ऐकू कमी येणे, नैराश्य किंवा चालू औषधांचाच परिणाम असतो, आणि यांतले काही सुधारता येते. स्मृतिभ्रंश निघाला तरी निदान लवकर झाल्याने घराला तयारी करता येते. तुम्ही लिहिले आहे की त्या दर संध्याकाळी ‘तुझे बाबा आले का?’ असे विचारतात आणि तुम्ही दरवेळी ‘आई, बाबा गेले, सहा वर्षे झाली’ असे समजावून सांगता, मग त्या रडतात. हे समजावणे बंद करा. ज्याला आठवत नाही त्याच्या दृष्टीने ती बातमी दर संध्याकाळी नवी असते, म्हणजे त्या रोज विधवा होत आहेत आणि तुम्ही रोज तो निरोप देणारे ठरत आहात. या प्रश्नाला ‘बाबांची आठवण आली का? ते आले की आधी काय मागायचे?’ असे विचारून पाहा. बहुधा चहा येईल, त्यांच्या पितळी कपाची गोष्ट येईल, आणि दहा मिनिटे बरी जातील. खोटे बोलायचे नाही, वादही घालायचा नाही, त्या वाक्यामागची ओढ धरायची. हे करताना तुमच्या लक्षात येईल की वडिलांविषयी तुम्हीही सहा वर्षांत कुणाशी बोललेला नाहीत. दिवसकार्य, बँक, वारसनोंद यांत ते राहून गेले असावे.

बहीण-भावांचे असे आहे की ‘जरा मदत करत जा’ ही विनंती कुणालाच ऐकू जात नाही. तिला तारीख आणि काम लागते. बहिणीला सांगा, ‘ताई, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी तू ये आणि रविवारी संध्याकाळी जा.’ भावाला सांगा, ‘दादा, रविवारच्या मावशींचा पगार तू दे.’ अंतर असलेल्याने पैसे द्यावेत, जवळ असलेल्याने वेळ द्यावा, अशी विभागणी बहुतेक घरांत टिकते. ‘तुला जमत नसेल तर आईला आमच्याकडे पाठव’ हे वाक्य एकदा येईल. ते बहुधा रागाने येते. त्याला रागाने उत्तर न देता ‘मे महिन्यात तीन आठवडे पाठवतो’ असे म्हणून पाहा. स्मृतिभ्रंश असेल तर जागाबदल आईला मानवतो का, हे मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा.

गुहागरच्या जागेविषयी मी थोडक्यात लिहिते. सहा महिने कोणताही न फिरवता येणारा निर्णय घेऊ नका, राजीनामाही नाही आणि खरेदीखतही नाही. नैराश्याच्या छायेत असलेल्या माणसाला ठिकाण बदलले की सगळे बदलेल असे वाटते, आणि तो स्वतःला बरोबर घेऊन जातो. जागा पाहायचीच असेल तर डिसेंबरच्या गुलाबी थंडीत पाहू नका. जुलैत आठ दिवस राहून या, वीज गेलेली असताना, आईला रात्री बरे वाटेनासे झाले तर डॉक्टर किती अंतरावर आहे हे मोजून. तरीही जावेसे वाटले तर मग तुमच्या पत्नीला विचारा. या प्रश्नात तुम्ही तिला आतापर्यंत विचारलेले दिसत नाही.

मनोविश्लेषक एरिक एरिकसन यांनी १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांतल्या सातव्या, म्हणजे तुमच्या, टप्प्याचा पेच त्यांच्या मते असा आहे: पुढच्यांसाठी काही घडवणे, किंवा साचून जाणे. हा सिद्धान्त सांगताना बरेच जण ‘पुढच्यांसाठी’ याचा अर्थ पोटच्या मुलांसाठी एवढाच घेतात, आणि मुलगी पुण्याला गेली की काम संपले असे समजतात. तीन महिन्यांनी तालमीत तो पंचवीस वर्षांचा मुलगा तुम्हाला विचारेल, ‘काका, ही संध्याकाळ फार पिवळी वाटतेय का?’ तेव्हा तुम्ही काय उत्तर देता, तेही याच खात्यात जमा होते. अर्थात, त्याने विचारले तर.

पहिल्या पंधरवड्यात मात्र एवढेच करा: स्वतःच्या तपासण्या, आईसाठी डॉक्टरांची वेळ, आणि ती वही. तपासण्यांनंतरही पहाटेची जाग टिकली तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांचा, आमच्यासारख्या समुपदेशकांचा नाही, आणि गरज असेल तर ते घेण्यात कमीपणा नाही.

आणि एक राहिले. पार्किंगमधल्या त्या चाळीस मिनिटांविषयी तुम्ही लिहिले आहे की ‘हे घरात कुणालाच माहीत नाही’. ती मिनिटे बंद करा असे मी सांगत नाही, सध्या तुम्हाला त्यांची गरज आहे. पण खाडीवरच्या पुढच्या फेरीत ती पत्नीला सांगा. तुमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि गॅलरी पार्किंगच्या बाजूला आहे, हे तुम्हीच पत्राच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. संध्याकाळचे वाळलेले कपडे ती तेथूनच काढत असणार.